गच्चीवरची फटफटी

सन दोन हजार पंचवीस. वय एकोणसत्तर. हे काय मरायचं वय आहे का, मुकुंदा? मी पंच्याहत्तरीचा इथे बसून लिहितोय, आणि तू माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा, भिंतीवर हार घालून बसलास. रांग मोडलीस. तुला लहानपणापासून रांगेत उभं राहता आलं नाही. नळावर नाही, रेशनच्या दुकानात नाही, आणि इथेही नाही.

इथल्या मराठी मंडळाचे लोक आले होते. म्हणाले, "भालूकाका, मुकुंदरावांवर दोन पानं लिहून द्या, अंकात घेऊ. जन्म, शिक्षण, नोकरी, स्वभाव." मी म्हटलं, जन्म आमच्या आईने दिला, शिक्षण त्याने घेतलं, नोकरी मास्तरकीची केली, स्वभाव वाईट होता. झाली दोन पानं. ते हसले. मी हसायला सांगितलं नव्हतं.

मला लिहिता येत नाही हे दुर्गाघाटापासून रामघाटापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. गॅरेजच्या वहीत 'क्लच वायर बदलली, प्लग साफ केला' एवढंच माझं लिखाण. पण तुझ्यावर दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर 'ध्येयवेडे शास्त्रज्ञ' वगैरे लिहिलं असतं, आणि ते वाचून मला पाना फेकून मारावासा वाटला असता. म्हणून मीच लिहितोय. ऱ्हस्व-दीर्घ तुझी अनघा बघेल.

अनघा नागपूरहून आली आहे, तेरावं झालं की परत जाईल. रडत नाही, कामं करते. तुझी लेक आहे, पण डोकं आईचं, सुमनचं आहे. तिने मला पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न घातला. "काका, गच्चीवरच्या त्या मशीनचं काय करायचं? बॅटऱ्या अशाच पडून राहिल्या तर फुगतात, पेटतात. शेजारची मुलं वर चढतात. ठेवायची की मोडीत घालायची, बाराव्याच्या आत सांगा. तुम्ही म्हणाल तसं."

मी म्हणेन तसं. गंमत बघ. शेवटचे आठ-नऊ महिने तू माझ्याकडून हेच मागत होतास. की दादा, एकदा वर येऊन बघ आणि सांग, ही चालेल की नाही. मी आलो नाही. आता तू नाहीस तर तुझी लेक तेच विचारते. तुम्ही बापलेक मला सोडणार नाही.

आधी एक गोष्ट साफ करतो, कारण तू गेल्यापासून येणारा-जाणारा तेच बोलतोय. की भालूने मुकुंदासाठी शाळा सोडली, गॅरेज धरलं, म्हणून मुकुंदा फिजिक्स शिकला. खोटं आहे. मी पाठशाळा सोडली कारण मला एका जागी बसवत नव्हतं, आणि चौथीत मारायला आलेल्या गुरुजींचा हात धरला म्हणून त्यांनीही मला ठेवून घेतलं नाही. बाप भिक्षुक आणि पोरगा ग्रीस लावून फिरतो म्हणून नाना सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत. तू शिकलास ते तुझ्या डोक्याने. उपकार नव्हते. तूही ही गोष्ट लोकांना सांगत फिरायचास, डोळ्यांत पाणी आणून. का? मी तुला कधी म्हटलं होतं? माझ्या डोक्यावर हा देवपणा ठेवून तू मोकळा झालास. तो मला कधी पेलला नाही.

फटफटीचं खूळ सुमन गेल्यावर सुरू झालं. ते मला पूर्ण आठवतं. तिला खुर्चीत बसवून आपण हॉस्पिटलात घेऊन निघालो. तू, मी, समोरचे दोघे. ॲम्ब्युलन्स गल्लीबाहेर मैदागिनला उभी होती, गल्लीत येणारच नाही ती. मध्ये तो सांड बसलेला. पुढे भांड्यांच्या दुकानासमोर हातगाडी. तू ओरडत होतास, सुमन तुलाच म्हणत होती, "ओरडू नका हो, लोक बघतात." हॉस्पिटलात ती आठ दिवस होती. आठव्या दिवशी गेली. डॉक्टर एकदाही म्हणाला नाही की उशीर झाला. मी समोर उभा होतो, मी ऐकलंय. 'वीस मिनिटं वाया गेली' हे तू म्हणालास. तूच ठरवलंस आणि मग त्या वीस मिनिटांच्या मागे लागलास.

एक दिवस गॅरेजमध्ये आलास, बाकावर कार्बुरेटर उघडून ठेवला होता, त्याच्यावर कागदाची गुंडाळी पसरलीस.

"दादा, बघ."

"काय आहे?"

"फटफटी."

"चाकं कुठायत?"

"चाकं नाहीत. चार हात आहेत. एकेका हाताला दोन पंखे."

"मग फटफटी कशाला म्हणतोस? चार पायांचा पाट म्हण."

गिऱ्हाइकं हसली. तो दूधवाला होता, त्याने मान घालून कागद पाहिला आणि म्हणाला, "का गुरू, एमे दूध के डिब्बा कहाँ टंगाई?" तू त्याला गंभीरपणे दाखवलंस, इथे, ह्या नळीला, दोन्ही बाजूंना सारखं वजन पाहिजे. दूधवाल्याने मानही डोलावली. मला राग आला तो ह्याचा. कोणी टिंगल केली तरी तुला कळायचं नाही. तू वर्गात शिकवतोयस असं समजून उत्तर द्यायचास.

मग मोबाईलवर दाखवलंस. परदेशात कोणी गोरा असल्याच यंत्रावर बसून उडतोय. मी विचारलं, "हा तळ्यावरच का उडतोय?"

"मोकळी जागा असते."

"पडला तर हाडं मोडू नयेत म्हणून. तो शहाणा आहे. किती वेळ उडते?"

"बारा मिनिटं."

"आणि तेराव्या मिनिटाला?"

"तेराव्या मिनिटाला मी उतरलेला असतो, दादा."

"कुठे? विश्वेश्वरगंजच्या भाजीवर?"

दूधवाला पोट धरून हसला. तू कागद गुंडाळला नाहीस. मांजा पंख्यात जाईल म्हटलं, तर जाळी काढून दाखवलीस. माकडं म्हटलं, तर झाकणं काढून दाखवलीस. परवानगी म्हटलं, तर म्हणालास अर्ज केलाय, येईल, आणि आधी नदीपलीकडच्या रेतीवर, माणसांपासून लांब, माणसाऐवजी वाळूचं पोतं बसवून उडवायची. माझ्या प्रत्येक प्रश्नाला तुझ्याकडे कागद होता. मग मी तो प्रश्न विचारला ज्याला कागद नव्हता.

"एक सीट आहे. तू चालवणार. पेशंट कुठे बसणार?"

"मागे. पट्टे असतील."

"सुमन बसली असती?"

तू कागद गुंडाळलास. दूधवाला डबे उचलून निघून गेला.

हे मी बोलायला नको होतं. पण बोललो. आणि खरं सांगू, आजही माझं तेच म्हणणं आहे. ती बसली नसती. ती ट्रेनच्या वरच्या बर्थवर चढायची नाही. तू तिच्यासाठी असली वस्तू बनवत होतास जी तिने लांबूनसुद्धा पाहिली नसती. हा वाद आपला अर्धा राहिला. तू उत्तर द्यायचं होतंस, भांडायचं होतंस. तू निघून गेलास, चहासुद्धा न पिता, आणि दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर ठोकाठोक सुरू.

त्याच्यानंतर आलास तो पावसाळ्यात. बरोबर एक हात घेऊन. म्हणजे त्या यंत्राचा हात, पातळ स्टीलचा पाईप, टोकाला पट्टी, पट्टीला चार भोकं. तान्हं पोर घ्यावं तसं छत्रीखाली धरून आणला होतास, स्वतः भिजून.

मी खुर्चीतून उठलो नाही. हातही लावला नाही. लांबूनच म्हटलं, "हे नटबोल्टवर बसवणार? आठ मोटारी फिरणार, सगळं थरथरणार. तिसऱ्या मिनिटाला नट सुटतील. वेल्ड कर, शहाण्या."

"तू करून देतोस?"

"नाही."

"का?"

"माझ्या हातची गाडी मी आधी स्वतः चालवून बघतो, मग गिऱ्हाइकाला देतो. पन्नास वर्षं हेच केलंय. ह्याच्यावर मी बसणार नाही. म्हणून हात लावणार नाही."

तू माझ्याकडे बघत राहिलास आणि चार माणसांत म्हणालास, "घाबरलास होय, दादा?"

मी हातातला पाना जमिनीवर असा आपटला की फरशीचा टवका उडाला. तू पाईप छत्रीखाली घेतलास आणि गेलास. दिवाळीपर्यंत आपण बोललो नाही. एकाच घरात, तू वर, मी खाली. तुझी वहिनी मध्ये टपालासारखी. "भावजी विचारतायत वीजबिल कोणी भरलं." "त्याला सांग, उडून जाऊन विचार."

आता तू नाहीस म्हणून सांगतो, आणि अंकात छापलं तरी हरकत नाही, मंडळातल्या सगळ्यांनी वाचावं. हो, घाबरलो होतो. मला उंचीची भीती वाटते. पहिल्यापासून. मी कधी पतंग उडवला नाही. लोकांना वाटायचं भालू मोठा माणूस, त्याला पोरकट खेळ नको. आपल्या गच्चीला कठडा नाही. मी शेवटचा तिथे कधी गेलो तेही आठवत नाही. नानांनी वर पापड वाळत घालायला पाठवलं की मी तुला चार आणे देऊन पाठवायचो. तुला वाटायचं दादा लाड करतो. भीतीला कारण काही नाही. आहे ती आहे.

म्हणून मी वर आलो नाही. तुला वाटलं मी तुला वेड्यात काढतो. तेही होतं, नाही असं नाही. पण जिन्याच्या पाचव्या पायरीपासून माझे तळवे ओले होतात, हे मी तुला कसं सांगणार होतो? तू सगळ्या गल्लीला सांगितलं असतंस, प्रेमाने. त्याचं तू एखादं तत्त्वज्ञान केलं असतंस.

तू वेल्डिंगचं मशीन आणलंस. मोबाईलवर बघून शिकत होतास म्हणे. खाली आमच्या अंगणात दुपारी वरून निळा उजेड पडायचा. तुझी वहिनी सांगायची, भावजींच्या हातावर फोड आलेत. मी म्हणायचो, भाजू दे. मग तीच मलमाची नळी घेऊन वर जायची. ती नळी आमच्या कपाटातली होती, आणि संपली की मी नवी आणून ठेवत होतो. हे तुला माहीत होतं का? असेल. नसेल. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही.

माघात तुझं काम पुरं झालं. मग दर रविवारी जिन्यातून हाक. "दादा, एकदा वर येऊन बघून जा. एवढंच."

"गुडघे."

"मी धरतो."

"तू आधी स्वतःला धर."

आणि यंत्र मात्र उडेना. चैत्र गेला, वैशाख गेला. मी टोमणे मारायला मोकळाच होतो. काय रे, मुहूर्त सापडत नाही का? पंचांग आणू? नाक्यावरचा पानवाला रोज विचारायचा, "भालू गुरू, भइया के जहाज कब उड़ी?" आणि मी म्हणायचो, जहाज तयार आहे, कप्तान झोपलाय. सगळे हसायचे. तू जवळून जात असलास तर तूही हसायचास. म्हणायचास, "बघतोय, बघतोय." मला वाटलं तुझं यंत्र फसलं आणि तुला कबूल करायचं नाही. मला बरं वाटलं, मुकुंदा. हेही लिहून ठेवतो. तू पडणार नाहीस म्हणून बरं वाटलं, आणि मी बरोबर ठरलो म्हणूनही. दोन्ही.

मग तो मंगळवार. चार वाजता तू खाली आलास, अंगणातल्या खुर्चीत बसलास, वहिनीला म्हणालास साखर कमी. दोन घोट घेतलेस. कप बशीत ठेवलास, नीट, कान उजवीकडे करून. आणि मान टाकलीस. गल्लीतला डॉक्टर पाच मिनिटांत आला. चालत आला. तुझं मनगट धरलं आणि सोडलं. कसली गाडी लागली नाही तुला. चालणारी नाही, उडणारी नाही. तीन वर्षं ज्या वीस मिनिटांसाठी मरमर केलीस, त्यातलं एक मिनिट तू वापरलं नाहीस.

अग्नी मी दिला. धाकट्याला थोरल्याने. घाटावरचे लोक मला धीर द्यायला आले. एक म्हणाला, "शांतपणे गेले, भाग्यवान." मी म्हटलं, तू जा मग शांतपणे. तुझ्या वहिनीने मला बाजूला ओढलं. दुसऱ्याने सांगितलं, मुकुंदराव आता खरोखर आकाशात उडाले. त्याला मारायला धावलो असतो, पण अंगावर ओला पंचा होता.

सातव्या दिवशी अनघाने कबाडी बोलावला. भंगार घेणारा. म्हणाली, काका, ठरवायचं नसेल तर नका ठरवू, निदान किंमत तरी कळू दे. तो वर गेला. मी जिन्याखाली उभा. वरून त्याचा आवाज आला, "बाबूजी, ई त सीढ़ी से ना उतरी! काटे के पड़ी!"

कापावं लागेल. मी खालून ओरडलो, "का? हात सुटे करून उतरव!"

"सब वेल्ड हौ, बाबूजी!"

माझं डोकंच फिरलं. अनघाला म्हटलं, तुझ्या बापाला अक्कल होती का? गच्चीवर आठ फुटांचं यंत्र बांधायचं, आणि जिना अडीच फुटांचा. फ्रिज आणला तेव्हा तो दोरीने वर ओढला होता, विसरला? हात वेल्ड कशाला केले? बोल्टवर ठेवले असते तर एकेक खाली आणला असता, नावेत घातला असता, रेतीवर जोडला असता. दोरीने सोडलं तरी गल्लीत मावणार नाही. आता ते खाली यायचं तर उडूनच यायला पाहिजे! गल्लीतल्या लोकांच्या डोक्यावरून!

अनघा पायरीवर बसली. म्हणाली, "काका, तुम्हीच सांगितलं होतं ना वेल्ड करायला."

म्हटलं, हे तुला कोणी सांगितलं?

"बाबांनी मला फोनवर सांगितलं होतं. म्हणाले, बोल्टचं डिझाइन होतं, पण दादा म्हणाला थरथरीने सुटतील. मी म्हटलं, बाबा, पण मग खाली कसं आणणार? तर म्हणाले, हो गं, ते वेल्ड झाल्यावर माझ्या लक्षात आलं. मग मी म्हटलं, काकांना सांगा, ते कापून देतील. तर म्हणाले, छे, त्याला नको सांगूस. त्याने आयुष्यात एकदाच मला काही शिकवलंय."

एकदाच. हरामखोरा. एकदाच कसं? सायकल कोणी शिकवली तुला? पोहायला कोणी शिकवलं, घाटावरून ढकलून? बाकी सगळं विसरलास, आणि जे मी खुर्चीतून न उठता, न बघता, हात न लावता सांगितलं, ते धरून बसलास? मला जिना माहीत होता, तुलाही माहीत होता, दोघे ह्या घरात जन्मलो. मी विचार न करता बोललो आणि तू विचार न करता ऐकलंस. एवढा शिकलेला माणूस तू. मला विचारायचं होतंस, "दादा, मग जिन्यातून कसं जाणार?" एका मिनिटात मी म्हटलं असतं, बोल्टच ठेव, पण लॉकनट घाल, ते थरथरीने सुटत नाहीत. काम संपलं असतं. त्याऐवजी तू आठ-नऊ महिने ते यंत्र गच्चीवर ठेवलंस, माझे टोमणे खाल्लेस, पानवाल्याचं हसू खाल्लंस, आणि 'बघतोय, बघतोय' म्हणत राहिलास. गच्चीवरून उडवूनही पाहिलं नाहीस, कारण खाली माणसं चालतात. माझी लाज राखलीस. कोणी सांगितलं होतं राखायला?

कबाड्याला मी हाकलून दिलं.

त्यानंतर दहाव्यापर्यंत मी एकच गोष्ट घोकत होतो. दहाव्याला पिंड ठेवतात, कावळा शिवला नाही की गेलेल्याचं काही मागे राहिलंय असं समजतात, आणि घरातला कोणी मोठ्याने वचन देतो की आम्ही ते करू. मी म्हटलं, मुकुंदा सुखासुखी शिवू देणार नाही. तासभर ताटकळत ठेवेल. सगळे माझ्या तोंडाकडे बघतील. मग मी पुढे होईन आणि म्हणेन, मुकुंदा, मी वर जाईन. मी ती खाली आणीन. रेतीवर नेईन. हे वाक्य मी चार दिवस मनात इतक्या वेळा म्हटलं की पाठशाळेत एखादा मंत्र एवढा म्हटला असता तर आज रामघाटावर माझी गादी असती. आयुष्यात मी कोणाला सगळ्यांसमोर 'माझं चुकलं' म्हटलेलं नाही. पण दहाव्याला म्हणणार होतो. ठरलं होतं.

घाटावर थंडी होती. गुरुजींनी पिंड मांडला. म्हणाले, "चला, सगळे मागे व्हा." आम्ही अजून वळतोय तोवर कावळा. दोन पायऱ्याही मागे गेलो नव्हतो. आला, बसला, भात उचलला, आणि दुसरा आला त्यालाही दिला. गुरुजी म्हणाले, "वा! तृप्त आत्मा. काही मागे राहिलं नाही."

अनघा हसायला लागली, आणि मग पहिल्यांदा रडली. "बाबांना कधी थांबता आलंय का, काका?"

मी तिथेच उभा. तोंडात वाक्य तयार. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. सगळे चपला शोधत होते.

काही मागे राहिलं नाही? तुझं काहीच नव्हतं राहिलेलं? माघापासून दर रविवारी जिन्यातून ओरडत होतास ते काय होतं? मला एकदा बोलू द्यायचं होतंस. एक मिनिट. कावळ्याला सांगायचं होतंस, थांब जरा, माझ्या दादाला काही म्हणायचंय. तुला माझी लाज राखायची एवढी सवय लागली की मेल्यावरही सुटली नाही. तू मला न मागता माफ करून टाकलंस. मला ते नकोय, मुकुंदा. मला चारचौघांत मागायची होती.

घरी आलो. अनघाने विचारलं, "काका, ठरलं का काही?" म्हटलं, उद्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी ग्राइंडर, वायर आणि हातोडी पिशवीत घातली आणि जिना चढलो. उभ्याने नाही चढलो. बसून चढलो, एकेक पायरी, उलटा, भिंतीकडे तोंड करून. वरच्या दाराशी आल्यावर डोळे मिटले आणि चार पायांवर यंत्रापर्यंत गेलो. त्याचा एक पाय हाताला लागला तेव्हा डोळे उघडले.

चांगलं आहे रे. सरळ आहे. चारी हात एका पातळीत आहेत, सुतळी लावून बघितलं. सीटवर कबुतरांनी घाण केली होती ती आधी पुसली.

मग सांधे बघितले. तू नदीकडचा हात पहिला जोडलास, हे बघताच कळलं. ते वेल्डिंग आहे की पक्ष्याची विष्ठा? पातळ पाईपवर हात थांबला की भोक पडतं, तुझी तीन भोकं पडली, ती बुजवलीस, त्यावर पुन्हा थापलंस. हा हात रेतीवर पहिल्याच मिनिटाला गळून पडला असता. ह्याच्यावर बसणार होतास तू! दुसरा हात बरा. भोक नाही, पण रेघ वाकडी, श्वास घेत घेत ओढलेली. तिसऱ्याला तुला कळलं होतं की रॉड ढकलायचा नाही, ओढायचा. चौथा मी बघितला आणि पुन्हा बघितला. बोट फिरवलं. माशाच्या खवल्यांसारखी एकसारखी रेघ, एका दमात, सगळ्या गोलाईला. अशी रेघ यायला मला उस्तादाच्या हाताखाली तीन वर्षं लागली होती. तू अडुसष्टाव्या वर्षी, एकट्याने, मोबाईल बघून, फोड आलेल्या हाताने. आणि ती जमल्यावर मागे जाऊन पहिला सांधा दुरुस्त केला नाहीस, मूर्खा.

ग्राइंडरचा आवाज ऐकून अनघा धावत वर आली. "काका! मोडीत?"

"मोडीत तुझा बाप गेला. पट्ट्या लावायच्या आहेत, बोल्ट, लॉकनट. सुटे करून खाली न्यायचं. नाववाल्याला मी सांगतो. पोतं तू शिव. रिमोटचं तुला येतं ना, त्याने शिकवलंय ना तुला?"

"येतं."

"उडेल का?"

"माहीत नाही, काका."

"मलाही नाही. हा हात धर, पडेल."

पहिला कापला. दुसरा कापला. तिसरा कापला. ठिणग्या कठडा नसलेल्या कडेवरून खाली जात होत्या आणि गल्लीतून कोणीतरी शिव्या देत होतं, त्याला मी परत दिल्या. चौथ्याशी आलो आणि ग्राइंडर बंद केला.

अनघाने विचारलं, "हा का नाही?"

म्हटलं, सुतळीने मापलंय, एका हातासकट जिन्याच्या वळणावरून जातं. आणि खरंच जातं, मुकुंदा. दोनदा मापलं.